टोपलीवाली

माझ्या भावोजींना मी कधी कुणाला जीव लावताना पाहिलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी पाहिलंय. दाढीचा मऊ ब्रश घेऊन ते एका चिनी मातीच्या बदकाची मान पुसत होते आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलत होते. "जरा वळ, हां, अस्सं." माझी ताई तेव्हा दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिला आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, कारण कपातून वाफ येत होती. वाफेनं चिनी मातीला काय होतं ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. ताईनं तर कधी विचारलंच नाही. चहा निवेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. मोठ्या रस्त्यापासून आत, एका अरुंद गल्लीत. एक काउंटर, एक उभा आरसा, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि पडद्यामागे काच घासायचं यंत्र. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांच्या तोंडात साखर असायची. कुणाच्या नाकावर चष्मा कसा बसेल, कुणाच्या कानामागे काडी बोचेल, हे ते चेहरा बघून सांगत. गळ्यात दोरीला बांधलेलं एक लहान भिंग कायम लटकत असे, म्हणून गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. माझ्या लग्नातही ते भिंग त्यांनी काढलं नव्हतं. फोटोत आहे. पंगतीकडे न बघता ते रिकामं ताट उलटं करून त्याच्या बुडावरचा शिक्का बघतायत, असा तो फोटो आहे.

त्यांचं घर तीन खोल्यांचं. त्यातली पुढची, मोठी, उजेडाची खोली कपाटांना दिलेली. काचेची कपाटं जमिनीपासून छतापर्यंत होती. त्यांत बाहुल्या, वाडगे, फुलदाण्या, हात तुटलेली एक दगडी बाई, काशाचं हरीण, आणि नुसत्या भिंतीवर टांगायच्या, ज्यांत कुणी कधी जेवलं नाही अशा बशा. ऊन लागून रंग उतरतील म्हणून पडदे कायम ओढलेले. धूळ उडेल म्हणून पंखा बंद. उन्हाळ्यात ताई स्वयंपाकघरात फरशीवर झोपायची आणि पाहुणे आले तर तेही तिथेच, गॅसच्या शेगडीसमोर स्टुलावर बसायचे. हळूहळू पाहुणे यायचे थांबले.

मूल झालं नाही. पहिली काही वर्षं ताई रडली, मग गप्प झाली. एकदा भावोजी मला म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. मुलांचे हात सारखे कुठे ना कुठे असतात." हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता कुणी म्हणेल, मी मेव्हणी, मी वाकडंच बघणार. तर मग सरळही सांगते. भावोजी दारू प्यायचे नाहीत. ताईवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात उगारण्याचा तर प्रश्नच नाही. ओळखीच्या बायका ताईला म्हणायच्या, नशीब काढलंस, किती शांत नवरा आहे. शांत होतेच. घरात दुसरं माणूस आहे हेच ज्याच्या ध्यानात नाही, तो भांडणार तरी कुणाशी?

सगळ्या कपाटांत त्यांचा जीव की प्राण होता तो एक माळी. साधारण वीतभर उंचीचा, पांढऱ्या चिनी मातीचा, अंगात निळी बंडी, डोक्यावर मोठी टोपी. त्याच्या बुडाशी एक निळा मासा काढलेला होता. कुठल्या तरी फार पूर्वी बंद पडलेल्या कारखान्याची ती खूण. माळ्याचा उजवा हात पुढे पसरलेला, तळवा वर. त्या हातात काहीच नव्हतं. ताई त्याला भिकारी म्हणायची. मला वाटतं लग्नानंतर तिनं नवऱ्याची केलेली ती एकुलती एक थट्टा असेल. भावोजींना ती झोंबायची. ते समजावून सांगायचे की हा भिकारी नाही, हा अर्धा आहे. याची जोडीदारीण आहे कुठेतरी, कमरेवर टोपली घेतलेली, आणि ती याला एक फळ देतेय. दोघं शेजारी उभी केली की मग याच्या हाताचा अर्थ लागतो. जुन्या पुस्तकात त्या जोडीचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. त्या टोपलीवालीला ते वीस-बावीस वर्षं शोधत होते.

शोधायची जागा म्हणजे रविवारचा जुना बाजार. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. तिथे जमिनीवर चादरी अंथरून लोक मोडक्या खुर्च्या, घड्याळं, कपबशा मांडून बसतात, आणि भावोजींसारखे दहा-बारा जण त्यांतून फिरतात. त्यांची एक रीत असते. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. बघितलंच तर नाक मुरडायचं. कौतुक करायचं ते तिच्या शेजारी ठेवलेल्या फालतू वस्तूचं, तेही तोंड भरून. विकणारा मग त्या फालतू वस्तूला चिकटून बसतो आणि हवी ती वस्तू जाता जाता सहज हाती लागते. भावोजी या कामात पटाईत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला ताकास तूर लागत नसे. घरी येताना मला म्हणाले, ज्याला आवड लपवता येत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. मला तेव्हा वाटलं, ताईबद्दलची आवड तर यांनी फारच चांगली लपवली आहे.

टोपलीवाली बाजारात सापडली नाही. ती सापडली एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. तिथे एक म्हातारी विधवा एकटी राहायची. चष्म्याची काडी मोडली म्हणून तिनं चष्मा दुकानात पाठवला होता. जिने उतरणं तिला जमत नव्हतं म्हणून भावोजी तो दुरुस्त करून स्वतः द्यायला गेले. पलंगाशेजारच्या बुटक्या कपाटावर औषधांच्या बाटल्यांच्या गर्दीत टोपलीवाली उभी होती. तिच्या टोपलीत म्हातारीनं केसांच्या पिना ठेवल्या होत्या.

त्या संध्याकाळी भावोजी स्वयंपाकघरात येऊन बसले. आपण होऊन. ताईनं मला दुसऱ्या दिवशी फोन करून हे सांगितलं, इतकी ती मोठी बातमी होती. ते तासभर बोलत राहिले, ताईनं केलेलं गरम गरम जेवले, पुन्हा मागून घेतलं. टोपलीवालीच्या बुडाशी निळा मासा होता. पिना काढून द्यायच्या निमित्तानं त्यांनी ती उचलून बघितली होती. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले, असं ताई म्हणाली. ती किती खूश होती. नवरा माझ्याशी बोलला, एवढंच तिला दिसत होतं.

पण हाडात मुरलेली रीत सुटते थोडीच. म्हातारीसमोर भावोजींनी टोपलीवाली खाली ठेवली होती ती नाक मुरडून. ही कसली बाहुली, म्हणाले, ढिगानं मिळतात. आणि तिच्या शेजारची हिरवी फुलदाणी हातात घेऊन तिचं वारेमाप कौतुक केलं. सोनेरी हंस चिकटवलेली ती फुलदाणी कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळेल अशी होती. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की यातलं काही विकायचं आहे का. म्हातारी म्हणाली की नवऱ्यानं आणलेल्या वस्तू आहेत, मी असेपर्यंत इथेच राहतील, माझ्यामागे ज्याला आवडतील त्यानं न्याव्यात.

झालं. तेव्हापासून भावोजींचा रविवार त्या शेवटच्या मजल्यावर जायला लागला. औषधं आणून देणं, दिवा बदलणं, गळका नळ दुरुस्त करणं, पेपर वाचून दाखवणं. सुरुवातीला ते तिला आजी म्हणत, मग आई म्हणायला लागले. त्यांची स्वतःची आई जिवंत होती तेव्हा हा मुलगा तिच्याकडे जाऊन घड्याळाकडे बघत बसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ताईला मात्र अभिमान वाटायचा. म्हणायची, बघ, यांच्यातही माया आहे, फक्त वेळ लागला बाहेर यायला. 

दुसऱ्याच वर्षी ताईचं ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढावी लागली, रक्त फार गेलं, दोन दिवस डॉक्टर धड बोलेनात. मी तिच्या उशाशी होते. भावोजी आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, ताईच्या पायावरची चादर नीट केली. तो रविवार होता. थोड्या वेळानं म्हणाले, "आई वाट बघत असतील," आणि गेले. ताई वाचली, पण तिची तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. दम लागायला लागला, पाय सुजायला लागले. रविवारी तिला डॉक्टरांकडे न्यायचं असलं तर मी न्यायची.

म्हातारी काही मरेना. वर्षं चालली. भावोजी रविवारी घरी येत आणि पडलेल्या चेहऱ्यानं सांगत की आईंची तब्येत ठणठणीत आहे. ताई म्हणायची, अहो, मग चांगलंच आहे की. ते मान हलवत. दर वेळी तिथून निघताना ते टोपलीवालीला दोन शब्द वाईट बोलून येत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नजरेत ती भरायला नको, आणि फुलदाणीला चार शब्द चांगले. ही सगळी हुशारी ते घरी येऊन ताईला रंगवून सांगायचे. असं करता करता दहा-अकरा वर्षं गेली.

शेवटी म्हातारी गेली. तिच्या पुतणीनं दुकानात निरोप पाठवला की घर रिकामं करायचं आहे, काकूंनी तुमच्यासाठी एक वस्तू ठेवली आहे, येऊन घेऊन जा. भावोजींचा जीव टांगणीला लागला. पण घर रिकामं होतंय म्हणजे आणखीही काही हाती लागेल, उचलायला माणसं हवीत, म्हणून ते ताईला आणि मला बरोबर घेऊन गेले. कापूस आणि जुन्या चादरी पिशवीत भरून. चार मजले चढताना ताई प्रत्येक वळणावर थांबत होती. भावोजी वरून हाक मारत होते, लवकर या.

पुतणी चांगली बाई होती. तिनं आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. मग आतून ती हिरवी फुलदाणी दोन्ही हातांनी सांभाळत घेऊन आली आणि भावोजींच्या हातात दिली. म्हणाली, काकू रविवारी सकाळी ही स्वतः पुसायच्या, तुम्ही येणार म्हणून. ही तुमच्याशिवाय कुणाला द्यायची नाही असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. भावोजींचा चेहरा पांढरा पडला. ते फुलदाणी धरून उभे, आणि नजर पुतणीच्या डोक्यावरून पलीकडे. बुटक्या कपाटावर टोपलीवाली जागच्या जागी होती.

पुतणीला वाटलं, त्यांना भरून आलंय. ती आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "काकूंना यांचं फार वाईट वाटायचं. बायको गेल्यापासून बिचाऱ्यांना कोणी नाही."

मला आधी कळलंच नाही कुणाची बायको. ताईला कळलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, अजून दम खात होती. तिनं विचारलं, "कशानं गेली म्हणे?"

"ऑपरेशनमध्ये. गर्भपिशवीचं होतं ना? तेव्हापासूनच काकूंनी यांना मुलगा मानलं." मग पुतणीनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी शेजारी राहते," ताई म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण ताईनं माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की मी पुन्हा मिटलं. माणूस खोटं बोलला तर निदान ते लक्षात तरी ठेवतो. भावोजींनी बायकोला मारून टाकलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. नाहीतर तिला तिथे घेऊन आले असते का? आणि त्याही क्षणी ते तिच्याकडे बघत नव्हते. आयुष्यभराची रीत मोडून त्यांनी पहिल्यांदा सरळ विचारलं, "ती बाहुली द्याल का?"

पुतणी हसली. म्हणाली, कशाला उगीच माझं मन राखता? काकू सांगायच्या, तुम्हाला ती बघवत नाही. तुम्ही यायच्या वेळी त्या तिच्यासमोर बाटल्या लावून ठेवायच्या. मी तर ती टाकूनच देणार होते. आणि मग, घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून, ती ताईला म्हणाली, "तुम्हाला हवी का? एवढे जिने चढून आलात."

"द्या," ताई म्हणाली.

"मी घेतो, मी," भावोजी पुढे झाले. पण पुतणी म्हणाली की तुमच्या हातात फुलदाणी आहे, पडेल. ताईनं टोपलीतल्या पिना काढून कपाटावर ठेवल्या, बाहुली रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये घातली.

रस्त्यावर भावोजी आमच्या मागून चालत होते. म्हणत होते, तोंडातून निघून गेलं गं, आईंनी विचारलं की घरी कोणी वाट बघत नाही का, दर रविवारी इथे येता ते, आणि काहीतरी सांगायला हवं होतं. मग म्हणाले, त्या वेळी डॉक्टरांनीही काही खात्री दिली नव्हती. हे त्यांनी कारण म्हणून सांगितलं. माझ्या बसच्या थांब्यापाशी ताई थांबली आणि म्हणाली की मी हिच्याकडे राहायला जाते.

"आणि ती?" भावोजींनी विचारलं.

"ती माझ्याबरोबर," ताई म्हणाली.

याला आता वर्ष होत आलं. ताई माझ्याकडे असते. मीही आता एकटीच, दोन खोल्या, अडचण काही नाही. तिच्या पलंगाशेजारी खिडकी आहे, तिथे टोपलीवाली उन्हात उभी असते. मी समजले होते की भावोजी येतील, रागावतील, हात जोडतील, फार तर बाहुली चोरतील. त्यातलं काही झालं नाही. ते पहिल्याच रविवारी आले आणि येताना फळं घेऊन आले. दुसऱ्या रविवारी ताईची औषधं आणली. मग माझ्या मोरीचा नळ दुरुस्त केला, ताईला पेपर वाचून दाखवला, तिच्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवली. आता एकही रविवार चुकत नाही. मागे ताईचं हृदय कमजोर झालंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही भावोजी बरोबर होते. किती कमजोर, म्हणजे साधारण कसं, असं ते डॉक्टरांना खोदून खोदून विचारत होते. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, किती काळजी करतात हो हे.

त्यांच्या तोंडावर दार आपटावं असं मला दर रविवारी वाटतं. पण माझ्या डोक्यात तिडीक जाते ती ताईमुळे. ती रविवारी सकाळी लवकर उठते. मला केस विंचरून द्यायला सांगते, ठेवणीतले कपडे काढते. ते बोलायला लागले की ती मान कलती करून ऐकते आणि मध्येच हसते. सबंध संसारात तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

परवा न राहवून मी विचारलंच. म्हटलं, ताई, ते कशासाठी येतात ते तुला कळतंय ना?

"न कळायला काय झालं," ती म्हणाली. "म्हातारीकडे काय काय करायचे ते सगळं मला घरी येऊन सांगायचे की."

"मग देऊन टाक ती बाहुली एकदाची आणि सूट यातून."

ताई खिडकीकडे बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, मला खरंच माहीत असेल अशा आवाजात, "दिली, तर पुढच्या रविवारी हे येतील का?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. त्यांची यायची वेळ झाली होती, म्हणून मी उठले आणि खुर्ची तिच्या पलंगाजवळ सरकवून ठेवली.